वर्षाचा नफा की भागधारकाची संपत्ती?

कोणताही व्यवसाय कशासाठी करावयाचा, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : नफ्यासाठी. उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. कोणत्या वर्षाचा नफा, तो हाती केव्हा पडणार, आणि तो मिळविताना मूळ भांडवलाचे काय झाले, ह्या गोष्टी त्या उत्तरात येत नाहीत. कंपन्यांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच दोन ध्येये वेगळी मानली आहेत. वर्षाचा नफा जास्तीत जास्त वाढविणे हे एक. आणि कंपनीचे जे धनी, म्हणजे भागधारक, त्यांच्या मालकीच्या संपत्तीचे मोल जास्तीत जास्त वाढविणे हे दुसरे. हा भेद पुष्कळ दिवस कारखानदार व पेढीवाले यांचाच विषय समजला जात असे. आता गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत व शेतकरी स्वतः भागधारक झाला आहे. तेव्हा हा भेद त्याच्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

तसे पाहिले तर शेतकऱ्यास तो अगदीच नवा नाही. जामनेर तालुक्यातील पहूर गाव घ्या. वाघूर नदीच्या एका अंगास पेठ व दुसऱ्या अंगास कसबे, आणि सभोवार कपाशीचा मुलूख. डिसेंबरअखेर वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे, असे कृषी खाते सांगत असते. परंतु विहिरीस पाणी असले की पुष्कळांस फरदड घेण्याचा मोह होतो. झाड उभेच आहे, बियाण्याचा खर्च नाही, मशागत नाही. दोन पाणी दिले की आणखी काही क्विंटल कापूस घरात येतो. त्या वर्षाच्या वहीत नफा वाढलेलाच दिसतो. पण त्याच झाडांवर गुलाबी बोंडअळीस खावयास मिळते, तिच्या पिढ्या अखंड चालू राहतात, व पुढील हंगामाच्या आरंभीच ती पात्या-फुलांवर उतरते. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातील कापूसपट्ट्यात ह्या अळीने जो कहर केला तो विसरण्याजोगा नाही. फरदड घेणाऱ्याने वर्षाचा नफा वाढविला, आणि आपल्या व शेजाऱ्याच्या शेताची कमविण्याची शक्ती कमी केली. कंपनीच्या भाषेत बोलावयाचे तर त्याने भागधारकाच्या संपत्तीतून काढून नफ्याचा आकडा फुगविला. आणि येथे भागधारकही तोच!

विहिरीच्या पाण्याचेही तसेच आहे. तापीकाठच्या यावल व रावेर तालुक्यांत केळीच्या बागांनी समृद्धी आणली, आणि त्याबरोबरच भूजलाच्या अतिउपशाचे तालुके म्हणून त्यांची नोंद झाली. बोअर खोल खोल जात असता वर्षाचा हिशेब मात्र नफाच दाखवीत राहतो. कारण उपसलेल्या पाण्याचा घसारा कोणी वहीत लिहीत नाही. यंत्राचा घसारा कारखानदार लिहितो, कारण कायदा त्याला तसे करावयास लावतो.

मग दूरचा विचार करणे म्हणजेच संपत्तीचा विचार करणे, असे समजावे काय? तसेही नाही. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो, म्हणून हा मुद्दा एका कल्पित उदाहरणाने पाहू. सारख्याच खर्चाच्या दोन योजना आहेत असे समजा. पहिलीत पहिल्या वर्षअखेर ४०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २५,००० व तिसऱ्या वर्षी १०,००० रुपये मिळतात, एकूण ७५,०००. दुसरीत अनुक्रमे १०,०००, २५,००० व ४५,००० रुपये मिळतात; एकूण ८०,०००. नुसत्या बेरजेने पाहिले तर दुसरी योजना पाच हजारांनी सरस आहे. परंतु आज हाती असलेला रुपया व तीन वर्षांनी मिळणारा रुपया एका मोलाचे नाहीत. शेकडा १२ व्याजाने पैसा फिरत असेल तर वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत सुमारे ८९ रुपये, आणि तीन वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची सुमारे ७१ रुपयेच भरते. ह्या दराने प्रत्येक रक्कम आजच्या किमतीत मांडली म्हणजे पहिली योजना ६२,७६२ रुपयांची व दुसरी ६०,८८९ रुपयांची ठरते. बेरीज कमी असूनही पहिलीच योजना संपत्ती अधिक वाढविते.

आता व्याजाचा दर उतरवून शेकडा ८ धरला तर दोन्ही योजना जवळजवळ बरोबरीस येतात, आणि त्याहून कमी दर असेल तर दुसरी पुढे जाते. म्हणजे एकच योजना सोसायटीचे पीककर्ज वेळेवर फेडून अल्प व्याजाचा लाभ घेणाऱ्यास हितकर, आणि सावकाराच्या दारी उभा असलेल्यास अहितकर असू शकते. त्यातच धोक्याचा विचार मिळवावा. ज्या उत्पन्नाची खात्री कमी, त्यास अधिक दर लावून त्याची आजची किंमत कमीच धरावी लागते. संपत्तीच्या कसोटीत काळ व धोका ही दोन्ही मापे अशा रीतीने येतात. नफ्याच्या कसोटीत ती नसतात, आणि हाच दोहोंतील खरा भेद होय. काही दूरदृष्टी व लोभ यांचा तो झगडा नव्हे.

भागधारकाची संपत्ती म्हणजे काय, ह्याचे खानदेशात पाहावयास सापडणारे उदाहरण अमळनेरचे आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापली व अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना घातला. भोवतालच्या मुलुखातील भुईमूग हा त्याचा कच्चा माल. कंपनीचे भाग अमळनेर व परिसरातील कुटुंबांनीही घेतले. १९६६ साली प्रेमजी वारले व त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी हे एकविसाव्या वर्षी अमेरिकेतील शिक्षण सोडून कारभार पाहण्यास आले. पुढे १९७८ साली आयबीएम ही परदेशी कंपनी भारतातून गेली, आणि तेलतुपाच्या ह्या कंपनीने संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले. तिचेच आजचे नाव विप्रो.

त्या काळी तेलतुपाच्या धंद्यातून मिळालेला सारा पैसा लाभांश म्हणून वाटला असता तर भागधारक त्या त्या वर्षी संतुष्ट झाले असते. कंपनीने त्यातील मोठा भाग नव्या कामात घातला. १९९७ च्या आरंभी ज्याच्याजवळ १० रुपयांचा एक भाग होता, त्याचे त्या वर्षीच्या बक्षीसभागामुळे तीन झाले. १९९९ साली प्रत्येक भाग २ रुपयांच्या पाच भागांत विभागला गेला, म्हणजे पंधरा झाले. त्यानंतर २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ व २०२४ ह्या वर्षांच्या बक्षीसभागांनी ही संख्या ८०० वर गेली. अमळनेरच्या ज्या घरांनी जुने भाग पेटीत जपून ठेवले ती श्रीमंत झाली, हे सर्वश्रुत आहे. आणि ज्यांनी लग्नकार्यास किंवा घर बांधण्यास ते विकले त्यांचीही आठवण गावात निघते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. बक्षीसभागाने संपत्ती वाढत नाही. एका भाकरीचे चार तुकडे ऐवजी आठ केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. वाढ झाली ती मागे ठेवलेल्या नफ्याने भागधारक स्वतः मिळवू शकला असता त्याहून अधिक कमाई केली म्हणून. ज्या कंपनीला तसे काम सापडत नाही, तिने नफा अडवून ठेवण्यापेक्षा वाटून टाकणेच भागधारकाच्या हिताचे असते. शिवाय त्याच काळात निघालेल्या कितीतरी कंपन्या बुडाल्या व त्यांचे भाग रद्दीच्या मोलाचे झाले, हेही विसरता कामा नये. यशस्वी झाली त्यांचीच नावे लोकांच्या तोंडी राहतात.

दुसरे उदाहरण पहूरहून थोड्याच अंतरावर, अजिंठ्याच्या रस्त्यावर असलेल्या वाकोद गावाशी निगडित आहे. भवरलाल जैन (१९३७–२०१६) हे मूळचे वाकोदचे. १९६३ साली रॉकेल विक्रीपासून आरंभ करून त्यांनी पुढे पपईच्या चिकापासून पपेन, मग पीव्हीसी नळ, आणि १९८६ साली स्थापिलेल्या जैन इरिगेशन कंपनीच्या द्वारे ठिबक सिंचन असा व्यवसाय उभारला. ठिबक संच व उतिसंवर्धित केळीची रोपे यांनी जळगाव जिल्ह्यातील बागायतीचे स्वरूप पालटले, ह्यात दुमत नाही. ह्या कंपनीने शेतकऱ्यांची जी संपत्ती वाढविली ती कोणत्याही शेअरबाजाराच्या पत्रकात दिसणार नाही.

परंतु भागधारकांच्या बाजूने पाहता हिशेब निराळा आहे. ठिबकाची विक्री सरकारी अनुदानावर पुष्कळशी अवलंबून असते. संच शेतात बसला की विक्री झाली असे वहीत लिहिले जाते व नफाही दिसतो. अनुदानाची किंवा सरकारी कामाची रक्कम मात्र महिनोन्‌महिने येत नाही. तोवर कच्च्या मालाचे पैसे, पगार व बँकेचे व्याज कंपनीस कर्ज काढून भागवावे लागते. २०१८-१९ च्या एकत्रित हिशेबात नफाच होता. तरी २०१९ साली कर्जाचे हप्ते चुकले. सरकारी कामांची येणी अडकल्याचे कारण कंपनीने दिले. ज्या भागाचा भाव २०१० साली २०० रुपयांच्या वर गेला होता, तो मार्च २०२० मध्ये ५ रुपयांच्याही खाली आला. (त्या महिन्यात करोनाच्या साथीमुळे सगळाच बाजार कोसळला होता, हे लक्षात घेतले पाहिजे, परंतु भावाची बरीचशी घसरण त्याआधीच झालेली होती.) मार्च २०२२ मध्ये बँकांशी झालेल्या पुनर्रचनेचा आराखडा अमलात आला, आणि २०२३ साली परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस कंपनीत विलीन झाल्यावर कर्जाचा मोठा भार उतरला. कंपनी टिकली व कामही चालू राहिले. वहीतील नफा व हातातील रोकड ह्या दोन वस्तू किती दूर जाऊ शकतात, एवढेच ह्यावरून पाहावयाचे. उधारीवर खत विकणाऱ्या गावातील दुकानदारास हे सांगण्याची आवश्यकता नाही.

कंपनीने केवळ भागधारकाचेच पाहावे काय, हा वाद जुना आहे. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी मोटारींची किंमत उतरवून व नफा कारखान्यात घालून लाभांश रोखला, तेव्हा डॉज बंधू ह्या भागधारकांनी फिर्याद केली. १९१९ साली मिशिगन राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने भागधारकांच्या बाजूने निकाल देऊन लाभांश वाटावयास लावला. आपल्याकडील २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १६६ व्या कलमाने संचालकांवर सर्व सभासदांचे हित पाहण्याचे कर्तव्य घातले आहेच, परंतु त्याबरोबर कामगार, समाज व पर्यावरण यांचाही उल्लेख केला आहे.

आता शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपनीकडे वळू. कारण येथे वरील सर्व मापे उलटीसुलटी होतात. उत्पादक कंपनीची तरतूद २००३ च्या फेब्रुवारीपासून अमलात आली. किमान दहा शेतकरी एकत्र येऊन ती काढू शकतात. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार उत्पादक संस्था उभारण्याची योजना सुरू केली. तीत सभासदाच्या भागभांडवलाइतकेच, पण दर सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत व दर संस्थेमागे १५ लाखांपर्यंत, अनुदान ठेवण्यात आले. ह्या कंपनीत भाग कितीही असोत, व्यक्तिसभासदास मत एकच. आणि भाग बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या संमतीने तो दुसऱ्या सक्रिय सभासदास दर्शनी किमतीसच देता येतो. हजार रुपयांचा भाग वीस वर्षांनीही हजारांसच जाणार! तेव्हा भागाचा भाव वाढविणे हे अमळनेरच्या कंपनीचे ध्येय येथे लागूच पडत नाही.

मग नफा वाढविणे हे ध्येय ठेवावे काय? ते तर सरळ सभासदाच्या विरुद्ध जाते. समजा, पहूर परिसरातील एका कंपनीने सभासदांचा १,००० क्विंटल मका घेतला, क्विंटलमागे १०० रुपये खर्च केला व तो २,२०० रुपये दराने विकला. सभासदांस १,९५० रुपये दिले तर कंपनीचा नफा दीड लाख होतो. २,०५० दिले तर पन्नास हजारच होतो. पहिल्या प्रसंगी ताळेबंद तिप्पट चांगला दिसेल, व्यवस्थापकाची वाहवा होईल, कदाचित बँकही खूष होईल. परंतु तो अधिकचा एक लाख रुपया बाहेरून आलेला नाही; तो सभासदांच्याच खळ्यातून आलेला आहे. व्यापाऱ्याने आडतीत जे केले असते तेच आपल्या कंपनीने केले, असे म्हणण्याची पाळी येते.

ह्यावरून काही ठिकाणी दुसरे टोक गाठले जाते. सारे २,१०० रुपये सभासदांस द्यावे व कंपनीत काहीच ठेवू नये, अशी मागणी वार्षिक सभेत होते, आणि टाळ्याही पडतात. अशी कंपनी एका वाईट हंगामात संपते. भाव पडला, माल भिजला, किंवा खरीददाराने पैसे थकविले की तिच्याजवळ दम धरण्यास काही नसते. गोदाम व चाळणीयंत्र नसल्यामुळे पुढील वर्षी तिला व्यापाऱ्याच्याच भावाने विकावे लागते. कायद्याने ह्यावर मधला मार्ग काढून ठेवला आहे. माल घेताना पूर्ण किंमत न देता काही भाग मागे ठेवता येतो, व तो वर्षअखेर रोख किंवा भागांच्या रूपाने देता येतो. उरलेल्या शिलकेतून, ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात, अधिलाभांश वाटता येतो. भांडवलावर मात्र मर्यादितच परतावा द्यावयाचा असतो, आणि सर्वसाधारण राखीव निधी ठेवणे सक्तीचे आहे.

ह्या ठिकाणी खरा पेच पडतो तो वयाचा. साठी उलटलेल्या सभासदास गोदामासाठी राखून ठेवलेल्या पैशाचा उपयोग थोडा, कारण तो निवृत्त होईल तेव्हा त्याचा भाग दर्शनी किमतीसच जाईल. त्याच्या शेजारच्या तिशीतील तरुणास मात्र तेच गोदाम पुढील तीस हंगामांत अधिक भाव मिळवून देईल. दोघांचीही मागणी आपापल्या जागी रास्त आहे. राखीव निधीतून भागांच्या प्रमाणात बक्षीसभाग देण्याची मुभा कायद्याने उत्पादक कंपनीस दिली आहे. जुन्या सभासदांनी ज्या वर्षांत कमी भाव घेऊन निधी उभा केला, त्यांच्या नावावर त्याचा काही अंश अशा रीतीने येऊ शकतो, आणि येथे बक्षीसभाग हा केवळ भाकरीचा तुकडा राहत नाही. कारण भाग परत देताना दर्शनी किंमत सभासदाच्या हाती पडते. संचालकांनी हा मार्ग पुष्कळदा दुर्लक्षिलेला दिसतो. त्याचे कारण, वार्षिक सभेत त्याची चौकशीच होत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभासदांस ताळेबंद वाचून दाखविताना नफ्याच्या ओळीवर थांबू नये. सभासदांस दिलेला सरासरी भाव त्याच दिवसांतील जामनेर बाजार समितीच्या भावाशी ताडून पाहावा. विक्रीपैकी किती रक्कम प्रत्यक्ष जमा झाली व किती येणे आहे, येणे असल्यास ते किती महिन्यांचे, हे विचारावे. कर्जाचे व्याज नफ्याच्या मानाने किती, आणि निधी वाढला असेल तर तो रोकड, गोदाम की कोणाची उधारी ह्यांपैकी कशात आहे, हेही पाहावे. कंपनी यंत्र घेणार असेल तर त्याचे उत्पन्न वर्षवार मांडून, कर्जाच्या दराने त्याची आजची किंमत काढून घ्यावी. हे गणित शाळेतल्या चक्रवाढ व्याजापलीकडचे नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेची लेखी सूचना किमान चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि तिच्यासोबत कार्यक्रमपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त व तपासलेला ताळेबंद आणि नफातोटा पत्रक जोडणे बंधनकारक आहे. ही कागदपत्रे मिळाली नसतील तर सभासदाने ती सभेच्या दिवशी नव्हे, तर त्याआधीच कंपनीच्या कार्यालयातून मागून घ्यावी.